वाचकांचे प्रश्न : कळलावीच्या वेलाविषयी

गेल्या अंकात कळलावीच्या फुलाचे छायाचित्र छापले होते आणि त्याखाली जेमतेम चार ओळी होत्या. त्या चार ओळींवर जितकी पत्रे आली, तितकी एखाद्या मोठ्या लेखावरही क्वचित येतात. बहुतेकांनी फुलाचे कौतुक केले आहे. परंतु बऱ्याच पत्रांत एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत आली आहे, ती अशी की ही वनस्पती औषधी आहे, तर ती घरच्या घरी कशी वापरावी. ही वनस्पती विषारीही असल्यामुळे या विचारणेने मला थोडे अस्वस्थ केले, म्हणून या वेळचे सदर या एकाच वेलाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या माहेरी या वेलाला खड्यानाग म्हणत, सासरी बचनाग म्हणतात आणि शेजारच्या काकू गौरीचे हात म्हणतात. ही सर्व एकाच वेलाची नावे आहेत का?

उत्तर : तिघींनीही छायाचित्रातल्या फुलाकडे बोट दाखवून ही नावे सांगितली असतील, तर वेल एकच आहे. इंदई आणि वाघनखी ही आणखी दोन नावेही आपल्याला ऐकायला मिळतील. वनस्पतिशास्त्रातले ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव लिनीअसने १७५३ साली दिले. पूर्वी ही वनस्पती लिलीच्या कुळात धरली जात असे, आता ती कॉल्चिकेसी या स्वतंत्र कुळात मोडते. हे कुळाचे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या उत्तरांत त्याचा संबंध येणार आहे. संस्कृतात तिला लांगली आणि हलिनी म्हणतात. लांगल आणि हल या दोन्ही शब्दांचा अर्थ नांगर असा आहे आणि कंद खणून काढला की ही नावे का पडली ते लगेच कळते. बोटाएवढ्या जाडीचे दोन फाटे एका टोकाशी काटकोनात जुळलेले असतात आणि मातीतून निघालेला तो तुकडा लहान मुलाच्या खेळातल्या नांगरासारखा दिसतो.

गौरीचे हात हे नाव फुलावरून आले आहे. कळी खाली मान घालून असते. उमलताना तिच्या सहा पाकळ्या मागे वळतात आणि उलट दिशेने वर उभ्या राहतात. त्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या लहरी असतात. पहिल्या दिवशी हिरवट पिवळ्या असलेल्या पाकळ्यांत टोकाकडून लाली उतरू लागते आणि काही दिवसांत सबंध फूल शेंदरी लाल होते, त्यामुळे एकाच वेलावर एकाच वेळी तीन-चार रंगांची फुले दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरतात, आणि स्त्रीकेसराची दांडी तर तळाशीच काटकोनात मोडल्यासारखी बाजूला वळलेली असते, म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग सहजासहजी तिच्यावर पडत नाही. फुलपाखरे आणि सूर्यपक्षी परागीभवनाचे काम करतात. भाद्रपदात गौरी येतात त्या सुमारास हा बहर असतो आणि काही ठिकाणी ही फुले गौरीपुढे ठेवतात. गोव्यात गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीत, म्हणजे माटोळीतही, ती बांधतात.

बचनाग या नावाविषयी मात्र सावध राहावे. ते नाव खरे पाहता वत्सनाभाचे, म्हणजे हिमालयात उगवणाऱ्या एका वेगळ्याच झाडाचे आहे. त्याचेही मूळ जहाल विषारी असते, पण त्याचे विष हृदयावर फार लवकर परिणाम करते, तर कळलावीचे विष कित्येक तास गप्प राहते. एकाच नावाने दोन विषे ओळखली जात असतील, तर डॉक्टरांना नुसते नाव सांगून भागत नाही, झाडाचा तुकडा सोबत न्यावा लागतो. वाघनखी हे नावसुद्धा आकड्यांसारखे फळ येणाऱ्या एका निराळ्याच झुडपाला आहे.

प्रश्न : कळलावी घरात आणली की घरात भांडणे लागतात असे माझ्या सासूबाई म्हणतात. त्यामुळे फुले फुलदाणीत ठेवता येत नाहीत. यात काही तथ्य आहे का?

उत्तर : फुलामुळे भांडण लागते याला आधार नाही, परंतु फुलावरून लागू शकते, हे आपल्या पत्रावरून दिसतेच. या समजुतीचे मूळ शब्दात आहे. मराठीत कळ म्हणजे वेदना आणि कळ म्हणजे भांडणाची चूडही. भांडण लावून देणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो. वेलाला हे नाव पडले ते बाळंतपणाच्या कळांवरून असावे असे मला वाटते, आणि दुसरा अर्थ मागाहून चिकटला असावा. गंमत अशी की संस्कृतातही तोच घोळ आहे. निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, तिला कलिकारी असेही नाव आहे आणि कलिहारी असेही, म्हणजे कलह करणारी तीच आणि कलह हरण करणारीही तीच. सासूबाईंना दुसरे नाव सांगून पाहावे. घरात रांगते मूल असेल तर मात्र त्यांचे म्हणणे ऐकावे. तिथे कारण भांडणाचे नसून विषाचे आहे, तरी फूल घरात आणू नये हे खरेच.

प्रश्न : माझी आजी सुईण होती. बाई अडली की ती कळलावीचा कंद उगाळून तिच्या तळपायांना लावी किंवा कंद कमरेला बांधी आणि मूल झाल्याबरोबर तो काढून टाकी. या उपायाने अनेक बायका सुटल्या असे ती सांगे. माझ्या सुनेला सातवा महिना आहे. हा उपाय करण्यासारखा आहे का?

उत्तर : करण्यासारखा नाही. इतके स्पष्ट लिहून मग मी आपल्या आजीच्या बाजूनेही थोडे लिहिणार आहे.

आजी जे करत होत्या ते त्यांनी मनाने काढलेले नव्हते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत, वार, म्हणजे मुलामागून पडणारी नाळेची गादी, पडत नसेल तर लांगलीच्या कंदाचा लेप हातापायांच्या तळव्यांना लावावा असे सांगितलेले आहे. भावप्रकाशात या वनस्पतीच्या नावांमध्येच गर्भनुत्, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, हा शब्द आहे आणि गुणांमध्ये गर्भपातिनी असे म्हटले आहे. शल्य बाहेर काढणारी म्हणून विशल्या हेही एक नाव आहे. अशा रीतीने ग्रंथातील एक प्रयोग गावोगावच्या सुइणींच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. आजींची कंद ताबडतोब काढून टाकण्याची घाई मला विशेष वाटते. तो अंगावर राहिला तर मुलामागे आतडीही बाहेर येतील अशी भीती जुन्या बायका घालत. भीती खरी नव्हती, पण तिच्या मागे एक शहाणपण होते: ही वस्तू अंगाशी ठेवण्याची नाही, काम झाले की दूर करण्याची आहे.

आता दुसरी बाजू पाहू. बाई अडते तेव्हा त्याची कारणे निरनिराळी असतात. मूल आडवे असते, त्याचे डोके आईच्या कटिभागाच्या मानाने मोठे असते, कळा मंद असतात किंवा वार तोंडाशी असते. यांपैकी तळपायाला लेप लावून दुरुस्त होईल असे एकही कारण नाही. पुष्कळ बायका थोड्या वेळाने आपोआप सुटतात आणि त्यांचे श्रेय कंदाला मिळते. ज्या सुटल्या नाहीत त्यांच्या कथा सांगायला सुईणही उत्सुक नसते आणि घरचेही नसतात. याच्या पलीकडे एक काळी बाजू आहे. गर्भनुत् या नावाच्या भरवशावर गर्भ पाडण्यासाठी हा कंद पोटात देण्याचे प्रकार झाले आहेत आणि त्यात आईच दगावली आहे. म्हणून सुनेचे नाव जिथे नोंदवले आहे तिथेच बाळंतपण होऊ द्यावे, आणि आजींची आठवण म्हणून फार तर वेलाचे फूल तिला दाखवावे.

प्रश्न : माझ्या यजमानांना गाऊटचा त्रास आहे. डॉक्टरांनी कॉल्चिसीनच्या गोळ्या लिहून दिल्या. हे औषध कळलावीतूनच काढतात असे मुलाने सांगितले. आमच्या परसात वेल आहे. मग गोळ्यांऐवजी कंदाचे चूर्ण घेतले तर काय हरकत आहे? ते नैसर्गिकही आहे.

उत्तर : मुलाची माहिती बरोबर आहे आणि त्यामुळेच हरकत आहे. कॉल्चिसीन हे द्रव्य १८२० साली फ्रान्समध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोघांनी युरोपातल्या कॉल्चिकम नावाच्या झाडातून वेगळे केले. सांधेदुखीवर ते झाड युरोपात आणि पश्चिम आशियात शतकानुशतके वापरात होते. काश्मीरकडे उगवणारी त्याची एक जात आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सुरंजान या नावाने मिळते आणि युनानी हकीम ती सांध्यांसाठी देत आले आहेत. कळलावी याच कुळातली असल्यामुळे तिच्यातही तेच द्रव्य आहे, कंदात आणि बियांत विशेष.

हे द्रव्य पेशींच्या आतल्या सूक्ष्म नलिकांची जुळणी थांबवते. गाऊटमध्ये सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक जमतात आणि पांढऱ्या पेशी तिकडे धावून दाह वाढवतात. कॉल्चिसीनमुळे त्या पेशींची हालचाल मंदावते, म्हणून दुखणे उतरते. मात्रा वाढली की याच गुणाने शरीरातल्या सर्व पेशींचे विभाजन अडते, आणि जिथे पेशी सतत नव्या होतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे, तिथे तडाखा आधी बसतो. उपयोगाची मात्रा आणि घाताची मात्रा यांत या औषधाइतके थोडे अंतर फार कमी औषधांत असते.

आता हिशेब करून पाहावा. आपल्या यजमानांची एक गोळी बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमची असेल. सुकलेल्या कंदात कॉल्चिसीन हजारात एक भाग धरले, तर दहा ग्रॅम चूर्णात दहा मिलिग्रॅम होते, म्हणजे एकदम वीस गोळ्या. शिवाय हा हजारात एक भाग कायम नसतो. जमीन, कंदाचे वय, खणण्याचा महिना यांप्रमाणे तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो आणि चमच्याने मोजताना ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. गोळी नैसर्गिक नसेल, पण ती मोजलेली आहे. गोळी घेतानाही मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा घशाच्या वा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसीन चालू असल्यास डॉक्टरांना तसे आधी सांगावे, कारण अशा वेळी नेहमीची मात्राही अंगात साचून बाधू शकते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पाठ धरल्यावर दिल्या जाणाऱ्या थायोकॉल्चिकोसाइड या औषधाचा कच्चा मालही कळलावीच्या बियांतूनच येतो. बीविरहित कलिंगडाची पैदास करतानाही रोपांवर कॉल्चिसीनचा प्रयोग करून त्यांची गुणसूत्रे दुप्पट केली जातात. बागेतल्या कुंपणावरचा वेल आणि फळवाल्याच्या हातगाडीवरची फोड यांत असे नाते आहे.

प्रश्न : कंद गोमूत्रात भिजवला की शुद्ध होतो आणि मग बाधत नाही असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. आयुर्वेदाच्या रसशास्त्राने ज्या सात उपविषांची, म्हणजे दुय्यम विषांची, गणना केली आहे, त्यांत रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या पंगतीला लांगली आहे. तिची शुद्धी एक दिवस गोमूत्रात ठेवून होते असे तिथे सांगितले आहे. या संस्काराने विषाचा काही अंश उतरतो, सगळा उतरत नाही. तो तसा उतरावा ही त्या वैद्यांचीही अपेक्षा नव्हती, कारण सगळे विष गेले असते तर औषधही गेले असते. शोधनानंतर मात्रा, अनुपान (औषध ज्याच्यासोबत घ्यायचे ते), पथ्य आणि रोग्याची प्रकृती हे सर्व वैद्याने पाहावयाचे असते. आपल्या कायद्यानेही हे मानले आहे. १९४५ सालच्या औषधविषयक नियमांच्या ई-१ या परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यात लांगलीचे नाव आहे, आणि अशी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. परसात बादलीभर गोमूत्र आणून हे काम होत नाही.

प्रश्न : कळलावीच्या पानांचा रस डोक्याला लावल्यास उवा जातात का? विंचवाच्या दंशावरही कंद लावतात असे ऐकले.

उत्तर : दोन्ही वापर जुने आहेत. उवा मरतात, परंतु खाजवून ओरखडे पडलेल्या मुलाच्या डोक्यावर हा रस चोळणे मला धोक्याचे वाटते, आणि उवांसाठी बारीक दातांची फणी व औषधाच्या दुकानातले लोशन पुरेसे आहे. विंचवाच्या आणि सापाच्या दंशावर कंद उगाळत बसू नये. तेवढ्या वेळात दवाखाना गाठता येतो.

प्रश्न : आमच्या आदिवासी वाडीवरची मुले पावसाळ्यात रानातून करांदे आणि इतर कंद खणून आणतात. त्यात कळलावीचा कंद येऊ नये म्हणून काय पाहावे? आणि पोटात गेलाच तर काय करावे?

उत्तर : या पत्राबद्दल मी आभारी आहे. श्रीलंकेत या वेलाला नियंगला म्हणतात आणि रताळे किंवा खाण्याचा कंद समजून तो शिजवून खाल्ल्यामुळे तिथे विषबाधा झाल्याच्या बऱ्याच नोंदी आहेत. शिजवल्याने कॉल्चिसीन नाहीसे होत नाही, हे सर्वांत आधी मुलांच्या मनावर ठसवावे.

वेल उभा असताना ओळख सोपी आहे. करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे व रुंद असते आणि वेल स्वतः आधाराभोवती पीळ घालत चढतो. कळलावीचे पान लांबट, भाल्यासारखे, आणि त्याचे टोकच बारीक होऊन तारेच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते. शेजारच्या फांदीला ते टोक विळखा घालते आणि वेल त्याच्या जोरावर वर जातो. पानाच्या टोकाला असा आकडा दिसला की त्या बुंध्याशी खणू नये, एवढा एक नियम पुरतो. नुसता कंद हातात आला असेल तर दोन फाट्यांचा नांगरी आकार पाहावा. फाटा तुटला की आत पांढरा, ठिसूळ गर दिसतो. करांदा गोलसर असतो, त्याच्या सालीवर खडबडीत टेंगळे असतात. शंका आली तर तो कंद टाकावा. एका वाडीवरच्या वृद्ध बाईने मला सांगितले होते, ‘‘त्याला हात लावलास तर हात धुतल्याबिगर बोट तोंडात घालू नको.’’ या विषयावर मला मिळालेला हा सर्वांत नेमका धडा आहे.

पोटात गेल्यास पहिले दोन-चार तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही, आणि इथेच माणसे फसतात. मग घशात व पोटात आग, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, ते पटकीसारखे वाटतात. एक-दोन दिवसांत उलट्या थांबल्या म्हणून घरी नेऊ नये, कारण त्यानंतरच रक्तदाब, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा यांवरचा परिणाम दिसू लागतो. वाचलेल्या रोग्याचे केस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुंजक्यांनी गळतात आणि पुढे पुन्हा येतात. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. त्यामुळे त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, उरलेला कंद आणि पान पिशवीत घालून, थेट जिल्हा रुग्णालय किंवा तत्सम मोठे ठिकाण गाठावे. मीठपाणी पाजून उलटी काढण्याचा खटाटोप करू नये. गुरांनी कंद किंवा पाला खाल्ला तरी हीच घाई करावी.

प्रश्न : तमिळनाडूत कळलावीची शेती होते असे समजले. सोलापूर भागात ती करता येईल का?

उत्तर : होते हे खरे आहे. करूर, दिंडीगल, तिरुप्पूर या भागांत शेतकरी ती बियांसाठी लावतात आणि बी मुख्यतः औषध कंपन्यांसाठी निर्यात होते. तमिळनाडूचे ते राज्यफूलही आहे आणि संगम काळातील प्राचीन तमिळ कवितेत मुरुगनाचा, म्हणजे कार्तिकेयाचा, डोंगर याच फुलांनी लाल झालेला आहे. झिंबाब्वेचेही ते राष्ट्रीय फूल आहे. तथापि शेतीचा विचार करताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, शेतात पुरेसे फळ धरावे म्हणून रोज सकाळी उमललेल्या फुलांवर हाताने पराग लावावा लागतो आणि हे काम बहराच्या दिवसांत सुटी न घेता करावे लागते. दुसरी, लागवडीचा कंद महाग असतो आणि बियांचा भाव परदेशी खरेदीदारांच्या मागणीप्रमाणे चढतो-उतरतो. खरेदीदार आधी ठरल्याशिवाय एक गुंठासुद्धा लावू नये. रानातले कंद खणून शेत उभे करणे हा मार्ग तर नकोच. कुंपणावरचे वेल कमी होण्याचे एक कारण ही खणतीच आहे.

प्रश्न : गॅलरीत कुंडीत कळलावी लावली तर येईल का? घरात लहान मुले किंवा कुत्रे-मांजर नाही.

उत्तर : येईल. मे महिन्याच्या अखेरीस रोपवाटिकेतून कंद घ्यावा. तो उचलताना फार जपावे, कारण फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो आणि तो दुखावला तर तो फाटा त्या वर्षी उगवत नाही. हातमोजे घालून, कंद आडवा ठेवून, त्यावर तीन-चार बोटे माती घालावी. पाणी साचू देऊ नये. बियांपासूनही रोप येते, पण फुलासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. कोंब वीतभर झाला की दोरी किंवा जाळी बांधावी, पानांची टोके तिला स्वतःच धरतात. श्रावण-भाद्रपदात फुले येतील.

दिवाळीच्या सुमारास वेल पिवळा पडून पार वाळतो. तेव्हा तो मेला असे समजू नये, पाणी तोडावे आणि कुंडी तशीच कोपऱ्यात पावसापर्यंत ठेवावी. कुंडीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे. मी एका वर्षी ते लिहायला विसरलो आणि माघात घरच्यांनी कुंडी रिकामी समजून तिच्यात धने पेरले. कोथिंबीर फार छान आली होती. ती आम्ही खाल्ली नाही.